आतल्या खोलीची इर्जिक

आमच्या घराण्यात कॉलेजचे तोंड पाहणारा पहिला माणूस मी. माझ्या आधीच्या साऱ्या पिढ्यांनी मेंढरांची तोंडे पाहिली, आणि मेंढरांच्या मागे फिरून माणसाला जेवढे शहाणपण येते तेवढे त्यांना आले. पुण्यात दोन वर्षे काढूनही मी त्या शहाणपणाच्या जवळपास पोहोचलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याची निराशा होणार नाही.

सोलापुरात भवानी पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत आम्ही राहत होतो आणि आतल्या खोलीत आमचे गाव राहत होते. म्हणजे गावातली माणसे नव्हेत, त्यांच्या वस्तू. वडील गिरणीत साचे चालवायला आले तेव्हापासून मोहोळच्या अलीकडच्या आमच्या गावाला शहरात एक हक्काची जागा मिळाली होती. बाजाराला आलेला माणूस परत निघताना जे जड वाटेल ते आमच्याकडे टेकवून जाई. 'पुढच्या बाजारी नेतो' एवढे म्हटले की झाले. त्या खोलीत न खपलेली घोंगडी होती, लोकरीची गाठोडी होती, कल्हई करून ठेवलेली पातेली होती. धार लावून आणलेले विळे पुन्हा गंजून गेले होते. एक पाळणा होता, त्याला दोऱ्या नव्हत्या. गाडीचे एक चाक होते, त्याचे जोडीदार चाक कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते.

यातले काही हलवायची सोय नव्हती. दुसऱ्याचे मेंढरू आपल्या कळपात शिरले तर त्याला पाणी पाजायचे, पण त्याची लोकर कातरायची नाही, असा आमच्यात रिवाज. वडिलांनी तोच रिवाज वस्तूंना लावला होता. ठेवलेली वस्तू ज्याची त्याने न्यावी. 'तुझे ने' असे आपण म्हणणे म्हणजे 'तू येऊ नकोस' असे म्हणण्यासारखेच.

पण सगळा दोष गावावर टाकणे बरे नव्हे. खोलीतला बराच भाग माझ्या शिक्षणाने व्यापला होता. आईला अक्षरओळख नव्हती. मी इंग्रजी शाळेत गेलो त्या दिवसापासून ज्या कागदावर अक्षर दिसेल तो कागद तिने जपून ठेवायला सुरुवात केली. कोणता कागद माझ्या परीक्षेचा असेल हे तिला काय कळणार? असे कागद भरून पोती झाली होती, आणि पोत्यांची भिंतीएवढी थप्पी. मी त्यातले एकही पोते कधी सोडून पाहिले नाही. उलट दर सुटीत पुण्याहून जुन्या वर्तमानपत्रांची भर घालत राहिलो. ती इंग्रजी होती, त्यामुळे टाकवत नव्हती. वाचलेली होती असे मात्र नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मी मुराळी होऊन धाकट्या बहिणीला आणायला माळशिरसला गेलो. तिचे पहिलेच बाळंतपण, ते माहेरी व्हायचे. पण तिची सासू म्हणाली की पोरीला कुठल्या खोलीत ठेवणार ते आधी बघेन, आणि मगच धाडीन. अमावास्येच्या आत सोलापूरला येऊन जाईन. मनाजोगती जागा दिसली नाही तर बाळंतपण इथेच. मी निघालो तेव्हा बहीण कुंपणापर्यंत आली. सासरी ती फार बोलत नसे. ती हळूच म्हणाली, "दादा, मला आईजवळच ऱ्हायाचंय. तू ती आतली खोली तेवढी मोकळी कर की."

मी छाती पुढे काढून म्हटले, "त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते मला घरी आल्यावर दाराशीच कळले. आतल्या खोलीचे दार निम्मेच उघडत होते.

पुण्यात तर्कशास्त्राच्या तासाला आम्हाला वर्गीकरण शिकवले होते. मी ठरवले की या खोलीला शास्त्राने जिंकायचे. वस्तूंचे तीन वर्ग केले, उपयोगी, निरुपयोगी आणि संशयित. पहिल्या दिवसाअखेर पहिल्या वर्गात एक दिवा आणि दुसऱ्या वर्गात एक फुटकी बाटली होती. बाकी सर्व संशयित. मग मला वाटले की आधी खोलीचा नकाशा काढावा. नकाशासाठी मापे घ्यायची तर भिंती दिसायला हव्यात, म्हणून भिंतीलगतच्या वस्तू मी मधोमध आणून रचल्या. नकाशा उत्तम झाला, पण आता दार निम्मेही उघडेना. आईला दळणाची पाटी काढायला आडवे होऊन आत सरकावे लागले, आणि तिचे गुडघे आधीच दुखत असत. ती बाहेर आली, पदराने तोंड पुसले आणि एवढेच म्हणाली, "लई शिकलास बघ."

समोर राहणाऱ्या तेलुगू विणकर बाई माझी ही खटपट आपल्या ओट्यावरून पाहत असत. सारी गल्ली त्यांना अक्का म्हणे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत अख्खा हातमाग होता, आणि तरी त्या घरात माणसाला पाय पसरून बसता येई. त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा विचारले, मी आणि माझी सून येऊ का हात लावायला? मी दर वेळी हसून 'नको, होत आलंय' असे म्हणायचो. कुणी आत येऊन तो ढीग बघावा ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. शिकलेल्या मुलाचे घर असे? पुण्याच्या खोलीत माझा एक सोबती होता. त्याच्या वडिलांची वकिली होती. त्याला मी आमच्या घराचे वर्णन 'लहानसे पण नीटनेटके' असे करून ठेवले होते. सोलापूरची अक्का पुण्याला जाऊन त्याला काही सांगणार नव्हती, हे मलाही कळत होते. तरी लाज ही अशी वस्तू आहे की तिचे वर्गीकरण होत नाही.

अमावास्या जवळ येऊ लागली. एका दुपारी भाकरी वाढता वाढता आई म्हणाली, "रानात तण माजलं तर माणूस गावाला सांगतोच की. इर्जिक घालतो, समद्यास्नी जेवाय घालतो, एका दिसात रान साफ. त्यात कुणाला लाज वाटती का? मग घरात माजलं तर का नगं सांगाय?"

वडील जेवता जेवता थांबले. ते म्हणाले की इर्जिक रानाची असते, घराची इर्जिक कुणी ऐकली आहे का? आणि लोकांना काय सांगणार, या आणि आपापले सामान उचला म्हणून? आपल्या तोंडून ते निघणार नाही, असे म्हणून त्यांनी हात धुतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगायचंच आसंल तर तू सांग. तुला बोलाय शिकवलंय."

वास्तविक बोलायचे मला कुणीच शिकवले नव्हते. कॉलेजात दोन वर्षांत मी एकदाही उभा राहून प्रश्न विचारला नव्हता. पण योग असा की दुसऱ्याच दिवशी बाजाराला आलेले तात्या, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, आमच्याकडे टेकले. येताना त्यांनी कासरे-दावी भरलेली एक पाटी आणली होती. ती कुठे ठेवू असे त्यांनी विचारताच मी धीर केला.

मी आधी पावसाबद्दल बोललो. मग मेंढरांबद्दल बोललो. मेंढरांबद्दल मला काय बोलायचे आहे हे तात्यांना समजेना, कारण ते मलाही समजत नव्हते. शेवटी डोळे जमिनीकडे लावून म्हटले, "तात्या, आमच्याकडे इर्जिक घालायची आहे. परवा सकाळी. गावात सांगाल का?"

तात्यांचे डोळे मोठे झाले. "रान घेतलं व्हय आबानं?" आबा म्हणजे माझे वडील.

इथे एक वाक्य बोलायचे होते. रान नाही, खोली आहे. एवढेच. पण ते टाळून मी म्हटले, "कामच तसं आहे. आलात म्हणजे कळेल."

तात्या समजल्यासारखे हसले. नवे रान घेतले की माणसे गवगवा करत नाहीत, दृष्ट लागते. ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले की काळजी करू नकोस, मी समद्यांना घेऊन येतो. आणि पाटी तशीच ठेवून निघून गेले. त्या थापेचा अर्थ मला कळायला हवा होता. पण एक अवघड काम पार पडले या आनंदात मी होतो. आईला मी सांगितले की पाचसहा माणसे येतील, पिठले-भाकरी पुरे.

ठरल्या दिवशी सकाळी मी तोंड धुवत होतो तोच गल्लीच्या तोंडाशी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आमच्या गल्लीत सकाळी पाजणी चाले. लांबच लांब सुताचा ताणा गल्लीभर पसरून विणकर त्याला खळ लावत. त्या ताण्यासमोर एकामागून एक बैलगाड्या येऊन थांबल्या. रात्रभर चालत आल्या होत्या. पहिल्या गाडीत नांगर होता, दुसरीतही नांगर होता, तिसरीत कुळव. मागे खुरपी घेतलेल्या बायका, भाकरीची गाठोडी, आणि कुणीतरी नव्या रानाला दाखवायला आणलेला एक कोंबडा.

अक्का आणि त्यांची माणसे ताणा गुंडाळायला धावली. अक्का तेलुगूत जे बोलत होत्या ते मला कळले नाही, पण रोख कळला.

तात्या गाडीवरून उतरले. नवे मुंडासे बांधले होते. "चल," ते म्हणाले, "रान कुटं हाय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले, गल्लीतली माणसे, गाडीतली माणसे, बैलसुद्धा. वडील दारात उभे होते, पण त्यांनी मान दुसरीकडे वळवली. गल्लीतली माणसे, गाडीतली माणसे, बैलसुद्धा. पळून जायला वाट नव्हती, कारण वाटेत गाड्या होत्या. मी म्हटले, "तात्या, रान नाही. खोली आहे. आतली. धाकटी बाळंतपणाला यायची आहे आणि मला एकट्याला आवरेना."

तात्या आत गेले, दारातून कसेबसे डोकावले आणि बाहेर आले. त्यांनी मुंडासे सोडले आणि पुन्हा बांधले.

"ह्या रानात नांगुर चालायचा न्हाय," ते शेवटी म्हणाले. "बैलं सोडा."

मग जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. नांगर घेऊन खोली आवरायला आलेले आम्हीच, असे एकाने म्हटले. दुसरा म्हणाला, कालेजात रान आणि खोली यातला फरक शिकवत नसतील. मी हसायचा प्रयत्न केला. पण खरे सांगायचे तर छातीवरचे जे ओझे ते एक वाक्य बोलताना उतरले, ते त्या हशाने परत आले नाही.

मी नकाशा घेऊन पुढे झालो. तात्यांनी तो माझ्या हातातून घेतला, उलटा धरून पाहिला आणि आदराने परत दिला. इर्जिकीत मालकाने काम करायचे नसते, असे त्यांनी मला सांगितले. मालकाने पाणी द्यायचे आणि जेवण वेळेवर आहे का ते बघायचे. जेवणाचे नाव निघताच मला पाचसहा माणसांचे पिठले आठवले. समोर तर चार गाड्या माणसे होती. मी गल्ली ओलांडून अक्कांच्या ओट्यापाशी गेलो. त्या गुंडाळलेल्या ताण्याशेजारी बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

"अक्का, भाकऱ्या थापायला याल का? माणसं फार आली आहेत."

"मी कवापासनं म्हणते येते म्हणून, तूच नको नको म्हणतो," त्या म्हणाल्या. "आज माझा ताणा बुडला, आता बोलवतो." आणि सुनेला हाक मारून पिठाचा डबा घेऊन त्या निघाल्यासुद्धा. त्यांच्यामागून गल्लीतल्या आणखी बायका आल्या.

रानात तण काढायला लागतात तशी माणसे खोलीच्या दारापासून गल्लीपर्यंत ओळीने उभी राहिली. आतली वस्तू हातोहात बाहेर येऊ लागली. ज्याची वस्तू त्याच्या हातात आली की तो ओरडे, 'माजं ह्ये!' आणि ती थेट गाडीत जाई. अशा रीतीने गाड्या भरू लागल्या. एका म्हातारीच्या हातात एक काळे घोंगडे आले. ती ओळीतून बाहेर पडली. तिचा नवरा दवाखान्यातून परत जाताना ते आमच्याकडे ठेवून गेला होता, आणि पुढे तो वारला. "मी म्हनलं, गाडीत ऱ्हायलं आसंल," ती म्हणाली. वैशाखातले ऊन होते, तरी तिने ते घोंगडे खांद्यावर घेतले आणि पुन्हा ओळीत जाऊन उभी राहिली.

सगळेच इतके सरळ झाले नाही. गाडीच्या चाकावर दोघांनी हक्क सांगितला आणि मग दोघांनीही नाकारला. एका गृहस्थाने आपली पत्र्याची पेटी ओळखली आणि म्हणाला, असू दे हितंच, पुढच्या बाजारी नेतो. वडील इतका वेळ बाजूला उभे होते. ते पुढे आले, पेटी स्वतः उचलली आणि त्याच्या गाडीत ठेवली.

"न्हाय," ते म्हणाले. "आत्ता ने. लेक यायचीय माजी."

तो माणूस रागावेल असे मला वाटले. तो म्हणाला, "मग आदी सांगायचं न्हाय का?" आणि बिडी पेटवली. इतकी वर्षे वडील ज्या वाक्याला भीत आले होते त्याचे उत्तर एवढेच होते.

मग पोती निघाली. अक्षराला पाय लागू नये म्हणून माणसांनी ती देवाच्या पालखीसारखी उचलून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. यातले कॉलेजाचे कुठले ते तू वाचून सांग, असे तात्या म्हणाले. जेवणाला अजून वेळ होता, त्यामुळे सगळे भोवती बसले. मी पहिला कागद काढला आणि वाचला. अमुक साबण अंगाला लावल्याने कांती उजळते. दुसरा काढला. पोटातील वायूवर रामबाण गोळ्या, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याबरोबर. तिसरा कागद एका नाटकाच्या खेळाचा, तोही जुना, त्यात बायकांची बसण्याची सोय निराळी असल्याचे लिहिले होते. लोक गंभीरपणे ऐकत होते. एक म्हातारा माझ्या तोंडाकडे टक लावून बसला होता. त्याने विचारले, "मंजी पुण्याला जाऊन तू ह्येच शिकतुयास व्हय?"

मी नाही म्हणणार होतो, तोच आईकडे लक्ष गेले. ती खाली बघत होती. तिने इतकी वर्षे जपलेला माझा अभ्यास साबणाच्या वेष्टनांचा निघाला होता. मी एक जुनी प्रश्नपत्रिका शोधून काढली आणि हा कागद फार महत्त्वाचा, बरे झाले ठेवलास, असे तिला सांगितले. तिने तो हातात घेतला. बाकीचे चुलीला गेले. भाकऱ्यांना त्यांचा चांगला उपयोग झाला.

पोती हलल्यावर त्यांच्या मागच्या भिंतीत एक खिडकी निघाली. लहानशीच, गजांची. आई म्हणाली, ही होतीच की. माझ्या नकाशात ती नव्हती.

आणि नेमक्या त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला आणि बहिणीची सासू उतरली. मला वाटले, झाले, बाळंतपण माळशिरसलाच. गल्लीत बैल, नांगर, गाठोडी, चाक आणि साबणाची वेष्टने. मी धावत जाऊन तिला सांगू लागलो की मावशी, हे असे रोज नसते, आज जरा विशेष आहे. तिने माझे ऐकले नाही. ती माणसांमधून वाट काढत सरळ आत गेली. आम्ही सगळे दारापाशी थांबलो. ती मोकळ्या खोलीच्या मधोमध उभी राहिली. चारी भिंतींना हात लावून पाहिला. खिडकी उघडली, वारा येतो का ते पाहिले.

"माजी लेक बाळंतपनात एका कोंदट खोलीत गेली," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे. "दार बी उगडत नव्हतं नीट." मग आईकडे वळली. "पोरीला कळा आल्या तर रातचं कोन हाय हितं हाकंला?"

आईने काही बोलायच्या आत पिठाने भरलेल्या हातांनी अक्का म्हणाल्या, "मी हाय की. समोरच हाय."

सासूने अक्कांकडे पाहिले, बाहेरच्या गर्दीकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले. उंदरांनी एका कोपऱ्यात बीळ केले होते. ते तिने पायाच्या अंगठ्याने दाखवले आणि तिथे दगड-माती भरून घ्या, सगळे सारवून घ्या, असे सांगितले. मग पदर खोचून, सारवण मी स्वतःच करते, तुम्हाला जमेल असे दिसत नाही, असे म्हणाली आणि शेण कुठे आहे विचारले. इतके बैल आल्यावर शेणाला काय तोटा?

कोंबड्याचे त्या दिवशी काय झाले हे सांगायला नको.

ज्येष्ठ लागताच मी पुन्हा मुराळी होऊन गेलो, आणि या वेळी बहिणीला घेऊन आलो. आगगाडीत ती अवघडून गेली होती. घरी येताच तिने आतल्या खोलीचे दार ढकलले, ते पूर्ण उघडून भिंतीला टेकले, आणि ती सारवलेल्या जमिनीवर घोंगडे टाकून हात पसरून पडली. मला फार धन्यता वाटली. पुण्याहून आणलेल्या एका पुस्तकात बाळंतिणीच्या खोलीतील हवेविषयी एक प्रकरण होते, ते मी तिच्या शेजारी बसून मराठीत सांगू लागलो. हवा किती हवी, उजेड कुठून यावा, खोलीत अनावश्यक वस्तू असल्यास कोणते अपाय होतात. तिने बराच वेळ डोळे मिटून ऐकले. मग एक डोळा उघडला.

"दादा," ती म्हणाली, "समदं काडलंस, तू तेवडा ऱ्हायलास की."

मी पुस्तक मिटले आणि बाहेरच्या खोलीत गेलो. आईने मागे दार लोटून घेतले.